चौथ्या लेव्हलचा जादूगार: इंटेलिजन्स वाढवावा, फीट घ्यावे की पैसा मंत्रांवर घालावा?

शाईचा_डाग

नमस्कार. आमच्या गटात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम चालतात आणि त्यांच्या जोडीला ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या २०२० च्या पुस्तकातील फीट (गुण वाढवण्याऐवजी घेता येणारी खास क्षमता) घेण्याची मुभा डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, दिलेली आहे. माझे पात्र रॉक नोम जमातीचा जादूगार असून त्याची जादूची शाखा एव्होकेशन (आग, वीज अशा ऊर्जेचे मंत्र) आहे. पुढच्या बैठकीला तो तिसऱ्या लेव्हलवरून चौथ्या लेव्हलवर जाईल. त्याचे आकडे असे आहेत: इंटेलिजन्स १७, कॉन्स्टिट्यूशन १४, डेक्स्टेरिटी १४, विझडम १२, करिष्मा १० आणि स्ट्रेंग्थ ८.

स्पेलबुकमध्ये सध्या मॅजिक मिसाइल, शील्ड, मेज आर्मर, स्लीप, फाइंड फॅमिलिअर, डिटेक्ट मॅजिक, बर्निंग हँड्स, थंडरवेव्ह, वेब आणि स्कॉर्चिंग रे असे दहा मंत्र आहेत. कथानक डोंगराळ मुलखात चालू आहे. समोर बहुतेक वेळा हॉबगॉब्लिनांच्या (चिलखतधारी राक्षसी सैनिकांच्या) तुकड्या येतात आणि त्यांनी पाळलेले एक-दोन ओगर (धिप्पाड, मंदबुद्धी राक्षस) सोबत असतात. माझी अडचण अशी की वेब (चिकट जाळ्याचा मंत्र) टाकला तर ओगर त्यातून सुटतो, नाही सुटला तर कोणीतरी माझ्यापर्यंत पोहोचून असा फटका मारतो की कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता) जाते, आणि स्कॉर्चिंग रेची किरणे हॉबगॉब्लिनांच्या चिलखतावरून नुसती घसरतात. दुसऱ्या पातळीचे मोजके स्लॉट (मंत्र टाकण्याच्या दिवसभरातल्या ठरलेल्या संधी) असे वाया गेले की उरलेला दिवस स्लॉट न लागणाऱ्या फायर बोल्टवर काढावा लागतो.

चौथ्या लेव्हलवर इंटेलिजन्स दोनाने वाढवून १९ करावा, की वॉर कास्टर हे फीट घ्यावे, याविषयी गटातच एकमत नाही. शिवाय एका मारल्या गेलेल्या जादूगाराचे स्पेलबुक आमच्या हाती लागले असून त्यात मिस्टी स्टेप, इनव्हिजिबिलिटी, होल्ड पर्सन, शॅटर आणि ग्रीस हे पाच मंत्र आहेत. माझ्याजवळ सोन्याची ३०० नाणी आहेत. ती कशावर खर्च करावीत, आणि लेव्हल वाढल्यावर फुकट मिळणारे दोन मंत्र कोणते निवडावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तळघरातला_दिवा

प्रश्न पुरेशा तपशिलासह मांडल्याबद्दल आभार. नुसते ‘जादूगारासाठी सर्वांत चांगले फीट कोणते’ असे विचारणाऱ्यांना उत्तर देणे अवघड असते.

इंटेलिजन्स की फीट हा वाद घालण्याआधी आपले मंत्र नेमके कोणत्या फाशावर फसतात, हे वेगळे करून पाहावे असे मला वाटते. काही मंत्र शत्रूच्या सेव्हवर (मंत्र टाळण्यासाठी त्याने टाकायच्या फाशावर) अवलंबून असतात, काही तुमच्या हल्ल्याच्या फाशावर, काही तुमच्या कॉन्सन्ट्रेशनवर, तर मॅजिक मिसाइलसारखे थोडे मंत्र कशावरच अवलंबून नसतात. तुमच्या प्रश्नात पहिल्या तिन्ही तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि तिन्हींवरचा इलाज एक नाही.

ओगरपासून सुरुवात करू. चौथ्या लेव्हलवर तुमचा प्रोफिशिएन्सी बोनस (लेव्हलनुसार मिळणारी भर) २ आहे, इंटेलिजन्स १७ असेल तर मॉडिफायर (त्या गुणावरून मिळणारी भर) ३, म्हणजे डीसी (सेव्ह साधायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १३ होतो. ओगरचा डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर उणे १ असल्यामुळे वेबमध्ये तो ६५ टक्के वेळा अडकतो, आणि हे प्रमाण मुळीच वाईट नाही. अडचण पुढे आहे. वेबमधून सुटण्यासाठी त्याला स्ट्रेंग्थची चाचणी द्यावी लागते आणि तिथे त्याच्या पदरी ४ चा बोनस आहे. म्हणजे आपली एक अ‍ॅक्शन खर्च करून तो ६० टक्के वेळा मोकळा होतो. मंत्र वाईट नाही, पण त्यातून ज्या बाजूने सुटायचे त्याच बाजूने हा प्राणी सर्वांत बळकट आहे.

याच ओगरचा विझडमचा मॉडिफायर उणे २ आहे. डीसी १३ समोर विझडमच्या सेव्हवर तो ७० टक्के वेळा पडेल. उलट शॅटरसाठी लागणारा कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह त्याला अधिक ३ ने मिळतो आणि तिथे तो जेमतेम ४५ टक्के वेळा पडतो. इंटेलिजन्स १८ केला तर डीसी एकाने वाढून प्रत्येक ठिकाणी ५ टक्क्यांचा फरक पडेल. पण कॉन्स्टिट्यूशनऐवजी विझडमवर बोट ठेवले तर त्याच फाशात २५ टक्क्यांचा फरक पडतो, आणि त्यासाठी लेव्हल वाढण्याची वाटही पाहावी लागत नाही. म्हणून माझ्या मते मंत्रांमधली पहिली सुधारणा ही की वहीत तीन वेगवेगळ्या सेव्हवर चालणारे मंत्र असावेत. तुमच्या दहा मंत्रांत विझडमचा सेव्ह मागणारा एकही मंत्र नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

होल्ड पर्सन ही उणीव भरून काढेल असे वाटण्याचा संभव आहे, पण तो मंत्र फक्त ह्युमनॉइडवर चालतो आणि ओगर नियमांप्रमाणे जायंट आहे. हॉबगॉब्लिन मात्र ह्युमनॉइड आहेत, त्यांचा विझडमचा मॉडिफायर शून्य आहे, आणि त्यांच्या म्होरक्यावर हा मंत्र ६० टक्के वेळा लागेल. ओगरसाठी टॅशाज हिडिअस लाफ्टर पाहावा. पहिल्या पातळीचा मंत्र आहे, विझडमचा सेव्ह आहे, आणि लक्ष्य हसत हसत जमिनीवर लोळू लागले की त्याला काहीच करता येत नाही. ज्याचा इंटेलिजन्स ४ किंवा त्याहून कमी आहे त्याच्यावर हा मंत्र चालत नाही. ओगरचा इंटेलिजन्स ५ आहे. नियम लिहिणाऱ्याने ही सीमारेषा ओगरला डोळ्यांसमोर ठेवून आखली की काय, अशी शंका मला नेहमी येते.

हल्ल्याच्या फाशाबद्दल थोडक्यात. हॉबगॉब्लिनचा आर्मर क्लास (हल्ला लागण्यासाठी गाठायचा आकडा) १८ आहे आणि तुमचा हल्ल्याचा बोनस ५. स्कॉर्चिंग रेचे प्रत्येक किरण ४० टक्के वेळा लागेल आणि तिन्ही मिळून सरासरी नुकसान, क्रिटिकल धरूनसुद्धा, साडेनऊच्या आतच राहील. तोच दुसऱ्या पातळीचा स्लॉट मॅजिक मिसाइलला दिला तर चार बाण सुटतात, सरासरी १४ नुकसान होते आणि फासा टाकावाच लागत नाही. ओगरचा आर्मर क्लास मात्र ११ असल्यामुळे तिथे स्कॉर्चिंग रे सरासरी १७ च्या आसपास जातो. मंत्र दोन्ही ठेवावेत. कोणता कोणावर टाकायचा एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता फीटकडे येतो. इंटेलिजन्स १७ वरून १९ करणे म्हणजे एक गुण शिंकाळ्यावर ठेवणे होय, कारण मॉडिफायर १८ लाच ४ होतो आणि पुढचा बदल थेट २० ला आहे. वॉर कास्टरमध्ये तीन गोष्टी मिळतात, पण त्यांपैकी तुमच्या उपयोगाची एकच. हातात ढाल-तलवार नसल्यामुळे हात मोकळे नसण्याची अडचण तुम्हाला नाही. पळणाऱ्यावर मंत्र टाकायला रिअ‍ॅक्शन लागते आणि ती तुम्हाला शील्डसाठी राखून ठेवावी लागते. उरतो तो कॉन्सन्ट्रेशनच्या सेव्हवरचा अ‍ॅडव्हान्टेज. दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची ही मुभा निःसंशय मोलाची आहे: डीसी १० समोर तुमचे यश ६५ टक्क्यांवरून सुमारे ८८ टक्क्यांवर जाते. पण त्यासाठी इंटेलिजन्स १७ वरच अडकून राहील, तोही आठव्या लेव्हलपर्यंत.

माझी शिफारस फे टच्ड या फीटची आहे. त्यात इंटेलिजन्स एकाने वाढून १८ होतो, मिस्टी स्टेप मिळतो, आणि डिव्हिनेशन किंवा एन्चान्टमेन्ट शाखेचा पहिल्या पातळीचा एक मंत्र निवडता येतो. हिडिअस लाफ्टर एन्चान्टमेन्टमध्येच मोडतो. हे दोन्ही मंत्र लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकेकदा स्लॉट न खर्चता टाकता येतात, नंतर स्लॉट देऊनही टाकता येतात, आणि ते तुमच्या तयार मंत्रांच्या (दिवसासाठी वहीतून निवडून ठेवलेल्या मंत्रांच्या) मोजणीत धरले जात नाहीत. ओगर अंगावर आला तर तीस फूट दूर जाण्याची सोय झाली म्हणजे कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह देण्याची वेळच कमी वेळा येईल. इंटेलिजन्स १८ झाल्यावर तयार मंत्रांची संख्या सातऐवजी आठ होते, हा फायदा लोक मोजायला विसरतात.

ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांना वरचे आकडे पडताळून पाहायचे असतील तर एसआरडी ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुला आहे. ओगर, हॉबगॉब्लिन आणि वर उल्लेखलेले बहुतेक मंत्र त्यात आहेत. हिडिअस लाफ्टरच्या नावातून टॅशा तेवढी गळलेली आहे. फे टच्ड आणि वॉर कास्टर मात्र तिथे सापडणार नाहीत.

पडद्यामागे

मी बहुतेक वेळा डीएमच्या खुर्चीत असतो, म्हणून पैशांच्या बाजूने लिहितो. तळघरातला_दिवा यांचे सेव्हबद्दलचे विवेचन मान्य आहे, फीटबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ते शेवटी सांगतो.

जादूगाराला प्रत्येक लेव्हलवर दोन मंत्र फुकट मिळतात, ते सर्वांना माहीत असते. वही उतरवून काढण्याची सोय ही त्याची खरी दौलत आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही वर्गाला पैसे मोजून आपल्या मंत्रांचा साठा असा वाढवता येत नाही, आणि तरीही खेळाडू तिच्यावर खर्च करताना हात आखडता घेतात. दुसऱ्याच्या स्पेलबुकातून मंत्र उतरवायला मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे दोन तास आणि ५० नाणी लागतात. एव्होकेशन शाखेच्या जादूगाराला एव्होकेशनच्या मंत्रांसाठी वेळ आणि पैसा दोन्ही निम्मे लागतात. म्हणजे शॅटर १०० ऐवजी ५० नाण्यांत पडेल. ग्रीस ५०, आणि मिस्टी स्टेप, इनव्हिजिबिलिटी, होल्ड पर्सन प्रत्येकी १००, असा पाचही मंत्रांचा हिशेब ४०० होतो. तुमच्याजवळ ३०० आहेत.

आता फे टच्ड घेतले तर मिस्टी स्टेप उतरवण्याची गरज राहत नाही आणि उरलेले चारही मंत्र बरोबर ३०० मध्ये बसतात. वेळ बारा तास लागेल, म्हणजे डोंगरातून उतरून एखाद्या गावात दोन दिवस मुक्काम केलात तर काम आटोपेल. फीटबद्दल माझे मत वेगळे असूनही हा हिशेब इतका चोख जमतो की तो लिहिल्यावाचून राहवले नाही.

फुकटचे दोन मंत्र निवडताना त्या सापडलेल्या वहीतले मंत्र घेऊ नयेत. ती वही तुमच्या पोतडीत आहे, त्यातला मंत्र आज नाही तर पुढच्या लुटीनंतर उतरवता येईल. जो मंत्र कुठेच सापडलेला नाही तोच फुकटात घ्यावा. मी मिरर इमेज आणि सजेशन घेईन. मिरर इमेज दुसऱ्या पातळीचा आहे, त्याला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, आणि तीन प्रतिमा तुमच्याभोवती फिरत असताना ओगरचा सोटा तुमच्यावर पडण्याऐवजी त्यांच्यावर पडण्याची शक्यता बरीच वाढते. सजेशन विझडमच्या सेव्हवर चालतो आणि लढाईबाहेरही कामाला येतो. तो ऐकणाऱ्याला तुमची भाषा समजावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवा. ओगरला कॉमन (सर्वसामान्य बोली) येते, पण तुमची सूचना समजण्याइतकी येते की नाही हे तुमच्या डीएमला आधीच विचारून ठेवलेले बरे.

एक सावधगिरी सांगतो. पुढे एखाद्या स्क्रोलवरून मंत्र उतरवायचा प्रसंग आला तर तिथे नियम वेगळा आहे. इंटेलिजन्सची अर्काना (जादूविद्येच्या ज्ञानाची) चाचणी द्यावी लागते, तिचा डीसी १० अधिक मंत्राची पातळी इतका असतो, आणि चाचणी यशस्वी होवो वा न होवो, स्क्रोल नष्ट होतो. वहीतून उतरवताना असला धोका नसतो. शिवाय आपल्याच वहीची दुसरी प्रत करून ठेवायला प्रत्येक पातळीमागे केवळ एक तास आणि १० नाणी लागतात. नदी ओलांडताना किंवा आगीत वही गेली तर जादूगाराकडे त्या सकाळी तयार केलेल्या मंत्रांपलीकडे काही उरत नाही, आणि काही डीएम असा प्रसंग आणायला मागेपुढे पाहत नाहीत.

आता माझे वेगळे मत. फीट न घेता इंटेलिजन्स १ आणि कॉन्स्टिट्यूशन १ असे वाढवा. इंटेलिजन्स १८ होईल, कॉन्स्टिट्यूशन १५. आज त्या १५ चा काहीही उपयोग नाही. पण आठव्या लेव्हलवर रेझिलिअंट हे फीट कॉन्स्टिट्यूशनसाठी घेतले की ते १६ होते, मॉडिफायर ३ होतो, आणि सेव्हवर प्रोफिशिएन्सीही मिळते, जी त्या लेव्हलवर ३ असते. डीसी १० समोर ८५ टक्के यश, आणि ते केवळ कॉन्सन्ट्रेशनपुरते नव्हे, तर विष, थंडी, काही श्वासाचे हल्ले अशा प्रत्येक कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हवर. लेव्हल वाढत जाईल तशी प्रोफिशिएन्सी वाढते, वॉर कास्टरचा फायदा मात्र जागच्या जागी राहतो. ज्यांचा खेळ दीर्घकाळ चालणार आहे त्यांनी हा मार्ग धरावा. तुमचा खेळ सहाव्या लेव्हलच्या आसपास संपणार असेल तर माझा सल्ला निरुपयोगी आहे आणि फे टच्डच घ्या.

जुने_फासे

मी ३.५ आवृत्ती, म्हणजे २००३ चे नियम, खेळत आलेल्यांपैकी आहे आणि पाचव्या आवृत्तीत उशिरा आलो. जुन्या खेळाडूंचे सल्ले नव्या आवृत्तीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून एक-दोन फरक नोंदवतो. कदाचित गटातला वाद त्यामुळेच चालू असेल.

३.५ मध्ये सेव्हचा डीसी १० अधिक मंत्राची पातळी अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर असा असे. त्यामुळे पहिल्या पातळीचा मंत्र कितीही लेव्हल चढलात तरी मागेच राहायचा, आणि तो उपयोगी ठेवण्यासाठी हाइटन स्पेलसारखे फीट घेऊन त्याला वरच्या स्लॉटमध्ये बसवावे लागायचे. एका शाखेवर भर द्यायचा तर स्पेल फोकस आणि ग्रेटर स्पेल फोकस ही फीट घेऊन त्या शाखेचा डीसी एक-एक करून वाढवता येई. पाचव्या आवृत्तीत ही दोन्ही फीट नाहीत. त्यांची गरजही उरलेली नाही, कारण डीसीमध्ये मंत्राची पातळीच मोजली जात नाही. चौथ्या लेव्हलवर घेतलेला हिडिअस लाफ्टर बाराव्या लेव्हलवरही फायरबॉलइतक्याच डीसीने लागतो. म्हणून पहिल्या पातळीच्या मंत्रांत आज गुंतवलेला पैसा नंतर बुडीत जात नाही. अपवाद स्लीपचा, तो सेव्ह मागत नाही, हिट पॉइंट (जीव किती शिल्लक आहे त्याचा आकडा) मोजतो, आणि दुसऱ्या पातळीच्या स्लॉटमध्येही त्याची सरासरी साडेएकतीस असते, तर ओगरला ५९ हिट पॉइंट आहेत. स्लीप आता तयार मंत्रांतून काढून टाकावा.

वरच्या स्लॉटमध्ये मंत्र टाकण्याबद्दलही लिहितो, कारण मंत्र सुधारायचे म्हटले की बऱ्याच जणांच्या मनात तेच येते. नुकसान करणारे मंत्र वर नेले तर हाती फारसे लागत नाही. पाचव्या लेव्हलवर बर्निंग हँड्स तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमध्ये टाकला तर सहा बाजूंचे पाच फासे, सरासरी साडेसतरा. त्याच स्लॉटमध्ये फायरबॉल टाकला तर आठ फासे, सरासरी २८, आणि तोही दीडशे फुटांवरून. जे मंत्र लक्ष्यांची संख्या वाढवतात ते मात्र वर नेण्याजोगे असतात. होल्ड पर्सन तिसऱ्या पातळीला दोघांवर, चौथ्या पातळीला तिघांवर लागतो. इनव्हिजिबिलिटीही तसाच वाढतो. वेब आणि ग्रीस वर नेऊन काहीही मिळत नाही. आपल्या वहीत वर नेण्याजोगे मंत्र किती आणि न वाढणारे किती, याचा ताळमेळ ठेवला की दर लेव्हलला मोठे मंत्र हवेतच अशी घाई राहत नाही.

मेटामॅजिक (मंत्र टाकताना त्यात फेरफार करण्याची कला) जादूगाराच्या हातून काढून सॉर्सररला (जन्मजात जादू असणाऱ्या वर्गाला) दिले याचे दुःख मला अजून आहे. टॅशाच्या पुस्तकातील मेटामॅजिक अ‍ॅडेप्ट या फीटने ते थोडेसे परत मिळते, पण लाँग रेस्टमागे केवळ दोन सॉर्सरी पॉइंट मिळतात, आणि चौथ्या लेव्हलवर इंटेलिजन्स न वाढवता त्याच्या नादी लागणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे आहे.

कागदी_किल्ला

थोडे विषयाच्या कडेने: २०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुकमध्ये वॉर कास्टर घेतल्यावर इंटेलिजन्स, विझडम किंवा करिष्मा यांपैकी एक गुण एकाने वाढतो. तुमच्या डीएमने ते एक फीट नव्या पुस्तकातून घेऊ दिले तर १७ चे १८ होतील आणि कॉन्सन्ट्रेशनवर अ‍ॅडव्हान्टेजही मिळेल. मग मूळ पेच शिल्लकच राहत नाही. मात्र नव्या पुस्तकात एव्होकेशनच्या जादूगाराला स्कल्प्ट स्पेल्स (आपल्या मंत्रातून साथीदारांना वाचवण्याची क्षमता) सहाव्या लेव्हलला मिळते, तयार मंत्रांची संख्या तक्त्यावरून ठरते, असे अनेक बदल आहेत. डीएम सगळेच बदल एकदम लागू करायला निघाले तर जे हातात आहे तेही जाईल. फक्त फीटपुरते विचारावे.

शाईचा_डाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचा खेळ दहाव्या लेव्हलपर्यंत न्यायचा असे ठरले आहे, त्यामुळे पडद्यामागे यांचा मार्गही मोहात पाडतो. तरीही मी फे टच्ड आणि हिडिअस लाफ्टर घेण्याकडे झुकलो आहे. आठव्या लेव्हलवर रेझिलिअंट घेतले तर कॉन्स्टिट्यूशन १५ वरच थांबेल हे कळते, पण प्रोफिशिएन्सी तरीही मिळेल. २०२४ च्या वॉर कास्टरबद्दल डीएमला विचारले. दोन पुस्तकांची सरमिसळ त्यांना मान्य नाही.

आणखी एक शंका आहे. वेबमध्ये अडकलेल्याला डेक्स्टेरिटीच्या सेव्हवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांपैकी लहान आकडा) मिळतो असे वाचले. मग ओगर वेबमध्ये अडकल्यावर त्याच्यावर बर्निंग हँड्स टाकणे हा सर्वांत उत्तम डाव नाही का? आणि आमचे दोन साथीदार जवळ असतील तर स्कल्प्ट स्पेल्समुळे ते दोघे वेबमधूनही वाचतील ना?

तळघरातला_दिवा

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: नाही. स्कल्प्ट स्पेल्स फक्त एव्होकेशनच्या मंत्रांना लागू होते आणि वेब कॉन्ज्युरेशन शाखेचा आहे. साथीदार त्या वीस फुटांच्या घनात सापडले तर त्यांनाही सेव्ह द्यावा लागेल. बर्निंग हँड्स एव्होकेशनचा असल्यामुळे पहिल्या पातळीला दोघांना वाचवता येईल, शॅटर टाकलात तर तिघांना. नेमक्या याच कारणाने शॅटर तुमच्या जादूगारासाठी इतरांपेक्षा अधिक कामाचा आहे. आपल्या माणसांच्या घोळक्यात तो निर्धास्तपणे टाकता येतो. ओगरवर तो कमी लागतो हे खरे, पण हॉबगॉब्लिनांचे हिट पॉइंट ११ आहेत आणि शॅटरचे सरासरी नुकसान साडेतेरा आहे.

पहिल्या शंकेत आकडे तुमच्या बाजूने आहेत, पण वेबला आग लागते हे तुमच्या नजरेतून सुटले आहे. डिसअ‍ॅडव्हान्टेज असलेला ओगर डीसी १४ समोर बर्निंग हँड्सचा सेव्ह ९ टक्के वेळाच वाचवेल, हे खरे. पण आगीच्या संपर्कात आलेला वेबचा प्रत्येक पाच फुटी भाग एका फेरीत जळून जातो. त्या आगीत ज्याची पाळी सुरू होते त्याला चार बाजूंच्या दोन फाशांचे, म्हणजे सरासरी पाचचे, नुकसान होते, आणि मग तो मोकळा. ५९ हिट पॉइंटांच्या ओगरला बर्निंग हँड्सचे साडेदहा आणि आगीचे पाच देऊन तुम्ही त्याची सुटका स्वतःच कराल, शिवाय जी अ‍ॅक्शन त्याने सुटण्यात घालवली असती ती त्याला सोटा मारायला मिळेल. स्कॉर्चिंग रेने वेब पेटतो की नाही, हे डीएमने ठरवायचे. मी असतो तर पेटवला असता.

अडकलेल्या ओगरवर हल्ला करणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणून त्या वेळी तुमच्या गटातील धनुर्धाऱ्यांना काम करू द्यावे आणि तुम्ही मॅजिक मिसाइल टाकावेत किंवा शील्डसाठी स्लॉट राखून मागे सरकावे. आग वापरायचीच असेल तर ती आत अनेक छोटे शत्रू एकत्र अडकलेले असताना वापरावी. हॉबगॉब्लिनांच्या तुकडीवर बर्निंग हँड्स आणि पाठोपाठ पेटलेला वेब मिळून सरासरी साडेपंधरा नुकसान होते, आणि जो सेव्ह साधेल त्यालाही दहाच्या आसपास. मोकळ्या मैदानावर वेब टाकताना तो दोन भक्कम आधारांमध्ये ताणला जाईल किंवा जमिनीवर, भिंतीवर, छतावर पसरला जाईल असे सांगावे, नाहीतर तो तुमच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीलाच कोसळतो.

पडद्यामागे

कॉन्सन्ट्रेशन एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते, हे मंत्र तयार करताना विसरू नका. वेब, होल्ड पर्सन, इनव्हिजिबिलिटी, सजेशन आणि हिडिअस लाफ्टर हे पाचही कॉन्सन्ट्रेशन मागतात. हिडिअस लाफ्टर फीटमुळे कायम हाताशी आहे, तेव्हा उरलेल्या चारांपैकी रोज दोनच तयार करावेत आणि बाकीच्या जागा शील्ड, मेज आर्मर, मॅजिक मिसाइल, शॅटर, ग्रीस, मिरर इमेज यांना द्याव्यात. तेवढ्यात आठ होतात. फाइंड फॅमिलिअर आणि डिटेक्ट मॅजिक रिच्युअल (स्लॉट न खर्चता सावकाश केलेला विधी) म्हणून थेट वहीतून टाकता येतात, त्यांना जागा देण्याचे कारण नाही. फॅमिलिअर (मंत्राने बोलावलेला सोबती प्राणी) म्हणून घुबड बोलावले असेल तर ते हेल्प (साथीदाराला मदत) करून, प्रतिहल्ला न सोसता, उडून परत येते आणि तुमच्या पुढच्या फायर बोल्टला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. स्लॉट संपल्यावरचा दिवस त्यामुळे बराच सुसह्य होतो.

आणि डीएमला एवढे विचारून घ्या, की सापडलेल्या वहीतले चार मंत्र उतरवायला बारा तासांचा निवांतपणा पुढच्या ओगरच्या आधी मिळणार आहे की नंतर.